फॅनफिक्शनवाल्यांनी भांडावं कसं?

हर्मायनीने रॉनशी लग्न करावं की हॅरीशी, यावरून एके काळी जगभरातले वाचक हमरीतुमरीवर आले होते. जुलै 2005 मध्ये पॉटरमालिकेचं सहावं पुस्तक आलं आणि कथेचा कल रॉनकडे आहे हे बहुतेकांना दिसलं. त्याच सुमारास चाहत्यांची संकेतस्थळं चालवणाऱ्या दोघांनी जे. के. रोलिंग यांची मुलाखत घेतली. हॅरी आणि हर्मायनीची जोडी जुळेल अशी आशा धरून बसलेले वाचक भ्रमिष्ट आहेत, असं त्या दोघांपैकी एक जण बोलून गेला. रोलिंग यांनी त्या शब्दाला दुजोरा दिला नाही. मात्र आपण पुस्तकांत ढळढळीत इशारे पेरले होते, असं सांगितलं. त्यावरून मोठा गदारोळ झाला. पुढे 2014 मध्ये चित्रपटांत हर्मायनी साकारणाऱ्या एमा वॉटसनने घेतलेल्या एका मुलाखतीत खुद्द रोलिंग यांनीच रॉन-हर्मायनीच्या जोडीबद्दल शंका बोलून दाखवली. ती जोडी साहित्याच्या गरजेतून जुळली नव्हती, आपल्या मनातल्या इच्छेतून जुळली होती, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मग भ्रमिष्ट नक्की कोण ठरलं?

या भांडणात दोन वाद एकमेकांत गुंतले होते. पुस्तकांतल्या इशाऱ्यांचा अर्थ काय, हा वाचनाचा वाद. आपल्यासारखं न वाचणाऱ्याला भर मुलाखतीत वेडा ठरवावं का, हा वागण्याचा वाद. दुसऱ्याच्या कथेतली पात्रं, जग किंवा प्रसंग घेऊन चाहत्यांनी हौसेने लिहिलेली कथा म्हणजे फॅनफिक्शन, थोडक्यात ‘फिक’. फिक लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या जगातली बरीचशी कटू भांडणं या दोन वादांची गल्लत झाल्यामुळे पेटतात. मराठी मुलंमुली आता वॉटपॅडवर, प्रतिलिपीवर, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ म्हणजे एओथ्रीवर वाचतात आणि लिहितात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, किंवा तुमच्या घरात असं कुणी असेल, तर पुढच्या सूचना उपयोगी पडतील.

आधी वाद ओळखा

उत्तर टाइप करायला घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा: समोरच्याने आपलं मत अजिबात बदललं नाही, तर कुणाचं काही बिघडणार आहे का?

ड्रेको मॅलफॉय मनाने चांगला होता असं कुणाला वाटलं, तर कुणाचंही काही बिघडत नाही. हा वाचनाचा वाद. त्यात निकाल लागत नाही आणि लागायची गरजही नसते. दोन्ही बाजू पुरावे मांडतात, ऐकणाऱ्याचं वाचन थोडं समृद्ध होतं, इतकंच. पण कुणी तुमची कथा उचलून स्वतःच्या नावाने छापली, कुणी हिंसेची पूर्वसूचना न देता वाचकाला भीषण प्रसंगात ढकललं, कुणी एखाद्या लेखिकेचं खरं नाव शोधून तिच्या कॉलेजला कळवण्याची धमकी दिली, तर खऱ्या माणसाचं नुकसान होतं. हा वागण्याचा वाद. तिथे ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून चालत नाही. तिथे नियम लागतात, तक्रार करावी लागते, निकालही लागावा लागतो.

गल्लत दोन्ही बाजूंनी होते. एखाद्याला नावडती जोडी आवडते म्हणून तो माणूसच वाईट, असं म्हणणारे वाचनाचा वाद वागण्यावर नेतात. ‘हा माझा अर्थ आहे’ असं म्हणून चोरी किंवा छळ झाकणारे वागण्याचा वाद वाचनात लपवतात. दोघांनाही एकच उत्तर द्या: प्रश्न कोणता आहे ते आधी ठरवू, मग बोलू.

पुरावा कुठून आणला ते सांगा

वाचनाच्या वादात सर्वांत उपयोगी सवय म्हणजे आपला पुरावा कुठला, हे उघड सांगणं. चार शब्दप्रयोग जिभेवर ठेवा: ‘पुस्तकात आहे’, ‘लेखकाने नंतर सांगितलं’, ‘चाहत्यांमध्ये रूढ आहे’ आणि ‘मला असं वाटतं’. चाहत्यांच्या बोलीत मूळ कथेला कॅनन म्हणतात, रूढ समजुतीला फॅनन आणि खासगी कल्पनेला हेडकॅनन. चारही गोष्टी बोलायला मोकळीक आहे. एकीच्या जागी दुसरी खपवायला नाही.

पहिली दोन उदाहरणं एकाच मालिकेतली घेऊ. ऑक्टोबर 2007 मध्ये, म्हणजे सातवं पुस्तक बाजारात आल्यावर काही महिन्यांनी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये रोलिंग यांनी डम्बलडोर समलैंगिक असल्याचं सांगितलं. पुस्तकांत हे स्पष्ट शब्दांत कुठेच नाही. काहींनी ते लगेच कॅनन मानलं. काहींनी म्हटलं, छापलेल्या पानाबाहेरचं आम्हाला बंधनकारक नाही. या दुसऱ्या भूमिकेला वजनदार आधार आहे: रोलाँ बार्थ यांनी 1967 मध्येच ‘लेखकाचा मृत्यू’ जाहीर करून अर्थाची सूत्रं वाचकाच्या हाती दिली होती. तुम्ही कोणतीही भूमिका घ्या, पण ती सोयीनुसार बदलू नका. लेखिका आपल्या बाजूने बोलली की तिचा शब्द अंतिम आणि विरुद्ध बोलली की लेखिका मेली, अशी चलाखी चाहत्यांमध्ये फार चालते आणि फार लवकर पकडलीही जाते.

दुसरं उदाहरण हर्मायनीच्या रंगाचं. चाहते आणि चित्रकार तिला कृष्णवर्णीय कल्पून कितीतरी आधीपासून चित्रं काढत होते. डिसेंबर 2015 मध्ये लंडनच्या ‘कर्स्ड चाइल्ड’ नाटकासाठी तिच्या भूमिकेत नोमा डुमेझ्वेनी यांची निवड जाहीर झाली आणि वाद भडकला. विरोधकांनी तिसऱ्या पुस्तकातलं एक वाक्य शोधून काढलं, ज्यात हर्मायनीचा चेहरा पांढरा असल्याचं म्हटलं आहे. समर्थकांनी विचारलं, तो त्वचेचा रंग आहे की भीतीने पांढरा पडलेला चेहरा? एका शब्दावर दोन वाचनं उभी राहिली. इथपर्यंत हा वाद उत्तम चालला होता. एका गटाने पुढे अभिनेत्रीवरच गरळ ओकायला सुरुवात केली तेव्हा तो वागण्याचा झाला.

फॅननची ताकद कमी लेखू नका. हॅरीच्या वडिलांच्या पिढीवर, म्हणजे जेम्स, सिरियस आणि रीमस यांच्या शाळकरी दिवसांवर, 2017-18 मध्ये एओथ्रीवर ‘ऑल द यंग ड्यूड्स’ नावाची फिक आली. पाच लाखांहून अधिक शब्दांची ही कथा इतकी वाचली गेली की तिच्यातले तपशील मूळ पुस्तकांतलेच आहेत असं नव्या वाचकांना वाटू लागलं. असं फक्त इंटरनेटवर होतं असं समजू नका. मयसभेत फजिती झालेल्या दुर्योधनाला द्रौपदीने त्याच्या वडिलांच्या अंधत्वावरून हिणवलं, हे आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून ‘माहीत’ असतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हे वाक्य नाही. नाटकं, कीर्तनं आणि मालिकांनी ते इतकं रुजवलं की अख्ख्या युद्धाचं खापर त्या एका टोमण्यावर फोडणारे लोक भेटतात. म्हणून ‘पुस्तकात आहे’ म्हणण्यापूर्वी पुस्तक उघडून बघा.

आणखी एक हत्यार शेरलॉक होम्सच्या चाहत्यांकडून घ्या. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये, 1887 साली, डॉक्टर वॉटसनला खांद्यात गोळी लागलेली आहे. 1890 च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये दुखणं पायात आहे. याची उत्तरं दोन प्रकारची. कथेच्या आत राहून दिलेलं उत्तर: जखमा दोन असतील, किंवा एका जखमेबद्दल वॉटसन बोलायचं टाळत असेल. कथेच्या बाहेर उभं राहून दिलेलं उत्तर: कॉनन डॉयल विसरले. पहिल्याला चाहते वॉटसनियन म्हणतात आणि दुसऱ्याला डॉयलियन. डॉरथी सेयर्स या रहस्यकथालेखिकेने पहिल्या प्रकारचा खेळ फार झोकात खेळला. जॉन वॉटसनची बायको एका कथेत त्याला जेम्स म्हणते. सेयर्स म्हणाल्या, त्याच्या नावातला ‘एच’ म्हणजे हेमिश, जे जेम्सचं स्कॉटिश रूप आहे. बायको त्याला लाडाने मधल्या नावाने हाक मारत असणार. दोन माणसं तासभर भांडतात आणि एक कथेच्या आतून बोलतो, दुसरा बाहेरून, असं वारंवार होतं. ‘तू आतून बोलतोयस की बाहेरून?’ एवढं विचारलं तरी अर्धं भांडण मिटतं.

‘तो असं वागणारच नाही!’

फिकवरचा सर्वांत नेहमीचा आक्षेप म्हणजे पात्र ओओसी झालंय, स्वभाव सोडून वागतंय. हा आक्षेप कधी कधी कोर्टापर्यंत पोचतो. 2020 मध्ये ‘एनोला होम्स’ या चित्रपटावरून डॉयल यांच्या वारसांनी अमेरिकेत नेटफ्लिक्सवर दावा लावला. मूळ होम्स थंड आणि कोरडा होता, त्याच्यात माया आणि हळवेपणा आला तो 1923 ते 1927 मधल्या कथांत, त्या कथांवर आमचा हक्क अजून शाबूत आहे आणि चित्रपटातला होम्स तो मायाळू होम्स आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या वर्षअखेरीस दावा मिटला. पण एका पात्राचा ‘स्वभाव’ सुद्धा काळाबरोबर बदलत जातो, हे वारसांनीच कागदावर लिहून दिलं.

तुम्ही लेखक असाल तर पात्र बदला, पण तिथवर जाणारी वाट वाचकाला दाखवा. स्नेप पाचव्या प्रकरणात हॅरीची माफी मागणार असेल, तर पहिल्या चार प्रकरणांत त्याच्या मनात काहीतरी हललेलं दिसलं पाहिजे. ही वाट दाखवायची नसेल, वेगळंच जग उभं करायचं असेल, तर तसं सुरुवातीलाच लिहा. सगळी पात्रं पुण्याच्या एखाद्या वसतिगृहात राहतात अशी कथा हा रूढ प्रकार आहे. त्याला एयू म्हणतात आणि त्यात जादूची कांडी न सापडल्याची तक्रार कुणी करत नाही.

तुम्ही वाचक असाल तर नुसतं ‘ओओसी’ लिहून पळू नका. कोणत्या प्रसंगात, कोणत्या वाक्याला खटकलं आणि मूळ कथेतला कोणता प्रसंग त्याच्या आड येतो, ते सांगा. सांगता येत नसेल तर खटकलेली गोष्ट बहुधा तुमचं हेडकॅनन आहे.

इथे ‘मेरी सू’ या शिक्क्याबद्दल सावध करायला हवं. 1973 मध्ये पॉला स्मिथ यांनी स्टार ट्रेकच्या चाहत्यांच्या एका छोट्या नियतकालिकात इटुकली विडंबनकथा छापली. तिची नायिका मेरी सू साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सर्वांत लहान लेफ्टनंट, सर्वगुणसंपन्न, सगळ्यांची लाडकी. त्या काळी अशा नायिकांच्या कथांचा महापूर आला होता आणि हा टोमणा नेमका बसला. पुढे मात्र हुशार किंवा धाडसी असणाऱ्या कोणत्याही स्त्री-पात्राला मेरी सू म्हणून मोडीत काढायची सवय लागली आणि पहिलीच कथा लिहिणाऱ्या कितीतरी मुली स्वतःसारखी नायिका लिहायला घाबरू लागल्या. त्यामुळे हा शब्द प्रतिक्रियेत वापरूच नका. ‘तिला काहीच अडचण येत नाही, त्यामुळे मला तिची काळजी वाटत नाही’ असं लिहिलं तर लेखिकेला दुरुस्तीची जागा कळते.

प्रतिक्रिया: कौतुक, टीका आणि तगादा

न मागता टीका करावी का, हा या जगातला जुना आणि अजून न मिटलेला वाद. एक बाजू म्हणते, कथा सार्वजनिक केली की अभिप्राय ऐकायची तयारी हवी, नाहीतर लिखाण सुधारणार कसं? दुसरी बाजू म्हणते, हे फुकट दिलेलं, हौसेने लिहिलेलं लेखन आहे. विकत घेतलेल्या पुस्तकाचं परीक्षण करावं तसं याचं करू नये. गुडरीड्सवर फिकना तारे देण्यावरून नाराजी उमटते तीही याच कारणाने.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणून ठरवण्याचा अधिकार लेखकाकडे ठेवा. लेखकाने कथेच्या आधीच्या टिपेत एक ओळ लिहावी: ‘चुका सांगितल्यात तर आवडेल’, किंवा ‘सध्या फक्त गप्पा, दुरुस्त्या नकोत’. अशी ओळ नसेल तर वाचकाने विचारावं: ‘एक सूचना आहे, सांगू का?’ होकार आला तर मोकळेपणाने सांगावं. नकार आला तर मनात ठेवावं.

खरी टीका हवी असणाऱ्यांनी ती प्रसिद्ध होण्यापूर्वी मिळवावी. त्यासाठी या जगात बीटा वाचक असतात. कथा चढवण्याआधी ते ती वाचतात. शुद्धलेखन, सुसंगती आणि पात्रांची बोली तपासतात. चांगल्या बीटाकडे तीनच प्रश्न घेऊन जा: कुठे कंटाळा आला, कुठे गोंधळ झाला, कोणतं पात्र दुसऱ्यासारखं बोलतंय? ‘कशी वाटली?’ असं विचारलं तर ‘छान’ याखेरीज काही हाती लागत नाही.

वाचकांनी तगादाही लावू नये. ‘पुढचा भाग कधी?’ एवढ्यावर थांबलेली प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला ओझ्यासारखी वाटते. तिच्या जागी ‘सिरियस पत्र फाडतो तिथे मी थांबले, पुन्हा मागे जाऊन पहिलं पत्र वाचलं’ असं लिहा. कथा पुढे सरकायला असं एक वाक्य तगाद्यापेक्षा जास्त कामी येतं.

इशारे, टॅग आणि काळोख्या कथा

हिंसा, अत्याचार, विकृत नाती यांच्यावर लिहावं का, हा आजच्या फॅनफिक्शनमधला सर्वांत तापलेला वाद. एका टोकाला ‘अँटी’ म्हणवले जाणारे लोक आहेत. घातक गोष्टी रंगवल्या की त्या सामान्य वाटू लागतात, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या टोकाला ‘प्रोशिप’वाले; कल्पना म्हणजे कृती नव्हे आणि न आवडणारं वाचू नये, असं त्यांचं म्हणणं.

हा वाद समजायला 2007 साल आठवावं लागतं. त्या मे महिन्यात फॅनलिब या व्यापारी संकेतस्थळाने चाहत्यांच्या लेखनावर धंदा मांडल्याचं पाहून, आपला स्वतःच्या मालकीचा संग्रह असावा अशी हाक कादंबरीकार नाओमी नोविक यांनी दिली. त्याच महिन्याच्या अखेरीला लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळाने सुमारे पाचशे खाती एका फटक्यात बंद केली. उद्देश होता बाललैंगिक शोषणाशी संबंधित मजकूर हटवण्याचा. पण निवड खात्यांवर नोंदवलेल्या आवडीच्या विषयांवरून झाली आणि त्यात फिक लिहिणाऱ्यांबरोबर अत्याचारातून वाचलेल्यांचे आधारगट आणि ‘लोलिता’ कादंबरीवर चर्चा करणारा गटही सापडला. कंपनीने माफी मागून बरीच खाती परत सुरू केली, पण विश्वास उडाला तो उडालाच. त्या वर्षी ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था उभी राहिली आणि नोव्हेंबर 2009 मध्ये तिचा एओथ्री हा संग्रह सगळ्यांसाठी खुला झाला. 2019 मध्ये या संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

एओथ्रीने काढलेली तोड अशी: बंदी कमीत कमी, लेबल मात्र स्पष्ट. टोकाची हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीन पात्रांचे लैंगिक संबंध, असे चार मुख्य इशारे आहेत. लेखकाने ते लावावेत, किंवा ‘मी इशारा द्यायचा नाही असं ठरवलंय’ हा पर्याय निवडावा. हा पर्याय म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. आत काहीही असू शकतं, एवढाच त्याचा अर्थ. ज्या नव्या वाचकांना हे माहीत नसतं ते तिथेच ठेचकाळतात.

लेखकांनी टॅगकडे मसाल्याच्या पाकिटावर छापलेल्या तिखटाच्या प्रमाणासारखं पाहावं. त्यात विनोद करायला हरकत नाही, पण माहिती आधी. कथेचा शेवट फुटेल म्हणून मृत्यूचा टॅग टाळायचा असेल तर ‘इशारा देत नाही’ हा पर्याय निवडा; ‘कोणताही इशारा लागू नाही’ असं खोटं लिहू नका. वाचकांनी टॅग वाचावेत आणि गाळण्याची सोय वापरावी. इशारा वाचून आत गेलात आणि त्रास झाला, तर पान बंद करा. लेखिकेला शिव्या देऊ नका.

भारतातल्या लेखकांसाठी एक गोष्ट ठळक सांगायला हवी. एओथ्री अमेरिकी कायद्याखाली चालतं. तिथे चालतं म्हणून इथे चालेलच असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 अश्लील मजकुराला लागू होतं आणि कलम 67-ब मुलांना लैंगिक रूपात दाखवणाऱ्या मजकुराला, आणि त्यात चित्रांबरोबर लिखित मजकुराचाही उल्लेख आहे. हा वाचनाचा किंवा अभिरुचीचा प्रश्न राहत नाही. शाळकरी पात्रांवर लिहिणाऱ्यांनी ही रेघ ओलांडू नये.

खऱ्या माणसांवर लिहिताना

गायक, नट, क्रिकेटपटू यांच्यावर फिक लिहिण्याची प्रथा आहे. तिचा कडेलोट कसा होतो ते चीनमध्ये दिसलं. 2020 च्या सुरुवातीला शियाओ झान या लोकप्रिय नटाला स्त्रीरूपात, देहविक्रय करताना दाखवणारी एक फिक आली. त्याचे काही चाहते चिडले आणि त्यांनी सरकारी यंत्रणांकडे तक्रारींचा सपाटा लावला. 29 फेब्रुवारीपासून चीनमधून एओथ्री उघडेनासं झालं. एका कथेच्या रागापायी लाखो कथांचं दार बंद झालं. मग उलटी लाट आली: चिडलेल्या वाचकांनी नटावर आणि तो जाहिरात करत असलेल्या मालावर बहिष्कार पुकारला. ती कथा लिहिण्यात शियाओ झानचा काडीचाही हात नव्हता.

यातून दोन नियम घ्या. खऱ्या माणसावर लिहिलंच, तर ते काल्पनिक आहे असं ठळक लिहा, त्याच्या कुटुंबाला ओढू नका, लैंगिक मजकूर टाळा आणि ती कथा त्या व्यक्तीला टॅग करून कधीही पाठवू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 356 अब्रुनुकसानीचं आहे, तेही ध्यानात असू द्या. दुसरा नियम तक्रार करणाऱ्यांसाठी: तक्रार त्या एका मजकुराची, त्या संकेतस्थळाच्या नियमांनुसार करा. न आवडलेल्या कथेसाठी सगळा संग्रह बंद पाडायला निघालात, तर तुमच्या आवडीच्या कथाही त्याच दाराआड जातील.

पैसा, हक्क आणि यंत्र

फिकचा बचाव अमेरिकेत ‘मूळ कृतीचं रूपांतर करून काही नवं दिलं’ या न्याय्य वापराच्या तत्त्वावर केला जातो. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात इतकी लवचीक तरतूद नाही. कलम 52 मध्ये परवानगी असलेल्या वापरांची ठरावीक यादी आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो आणि कलम 57 नुसार कृतीची मोडतोड करून आपल्या लौकिकाला धक्का लावला, असा आक्षेप लेखक घेऊ शकतो. त्यामुळे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला घेऊन हौसेने कथा लिहिणं वेगळं आणि ती छापून विकणं वेगळं. फिकवर पैसे घेऊ नका, प्रकरणामागे देणगीची लिंक लावू नका. दुसऱ्याच्या फिकची बांधीव प्रत स्वतःच्या कपाटासाठी केलीत तर फारसं कुणी हरकत घेत नाही. ती विकलीत तर तुम्ही मूळ लेखक आणि फिक लेखक अशा दोघांनाही अडचणीत टाकता.

पुस्तक म्हणून छापायचं असेल तर चाहत्यांच्या जगात ठरलेली वाट आहे: नावं, जग, ओळखीच्या खुणा काढून टाकायच्या आणि कथा स्वतःच्या पायावर उभी राहते का ते पाहायचं. 2011 मध्ये आलेलं ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ आधी ‘ट्वायलाइट’वरची फिक होतं. ही वाट घेताना जुन्या वाचकांना आधी सांगा. कथा रातोरात गायब झाली की ज्यांनी प्रकरणागणिक साथ दिली त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

नवा वाद यंत्राचा, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. 2025 मध्ये एओथ्रीवरच्या सव्वा कोटीच्या आसपास कथांचा साठा लेखकांना न विचारता यंत्रप्रशिक्षणाच्या डेटासाठी सार्वजनिकपणे चढवला गेला. एओथ्री चालवणाऱ्या संस्थेने तो काढायला लावला. कथा फक्त नोंदणीकृत वाचकांपुरती ठेवण्याची सोय एओथ्रीवर आहे, हवी तर वापरा. आणि एखादीची अर्धवट राहिलेली कथा चॅटबॉटला खायला घालून शेवट लिहून घेऊ नका. तिला विचारा, पुष्कळ लेखिका दुसऱ्याला पुढे लिहायची परवानगी आनंदाने देतात.

उत्तर कथेतून द्या

वागण्याचा वाद असेल तर तक्रार करा, अडवा, गट सोडा. तिथे वेळ दवडू नका. वाचनाचा वाद असेल आणि तो तीन-चार उत्तरांत निवळला नाही, तर प्रतिक्रियांचा चौकोन बंद करून नवी फाइल उघडा. चाहत्यांच्या जगात ही मान्य पद्धत आहे: दुसऱ्याचं वाचन पटलं नाही की आपलं वाचन कथेतून मांडायचं आणि ज्या कथेला उत्तर दिलंय तिचा उल्लेख आदराने करायचा.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. 1967 या एकाच साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांची ‘युगान्त’ आली. एकीतला कर्ण स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगतो आणि वाचक त्याच्या पायाशी बसतो. दुसरीतल्या कर्णाची इरावतीबाई मूळ संहिता हाती धरून कोरडेपणाने तपासणी करतात. महाभारतावर कुणाचा कॉपीराइट नाही, पडताळायला जिवंत लेखक नाही, म्हणून ‘ही सगळी फॅनफिक्शनच’ असं सरसकट म्हणणं उथळ ठरेल. पण मतभेदाचं काय करायचं हे त्यांच्याकडून शिकता येतं. दोन्ही पुस्तकं आजही मराठी घरांत एकाच फळीवर असतात आणि कर्णाबद्दल ज्याला वाद घालायचा आहे त्याला दोन्ही वाचावी लागतात. तुमच्या आवडत्या पात्रावर पुढचं भांडण होईल, तेव्हा समोरच्याची कथा एकदा शेवटपर्यंत वाचा आणि मग आपली लिहा.